किल्डेरचा हात

परदेशातल्या बंदराजवळच्या सेम्बावांग उपनगरात, त्या ब्लॉकमध्ये नवव्या मजल्यावर खानोलकर आणि देवस्थळी यांची दारं समोरासमोर आहेत. मधलं अंतर चार पावलांचं. रघुवीर खानोलकरांनी ते मोजलेलं आहे. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर चीफ इंजिनीअर म्हणून काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. त्या चार पावलांवर राहणाऱ्या निशिकांत देवस्थळींशी ते अकरा वर्षांत एक शब्दही बोललेले नव्हते. लिफ्टमध्ये दोघं एकत्र सापडले, तर खानोलकर मजल्यांचे आकडे पाहत आणि देवस्थळी भिंतीवरची देखभालीची नोटीस वाचत. ती नोटीस त्यांना एव्हाना तोंडपाठ झाली असणार.

शनिवारी सकाळी नऊला सामानाची लॉरी येणार होती. त्या घरातला अठ्ठावीस वर्षांचा संसार चौतीस खोक्यांत बसवून खानोलकर पती-पत्नी पुंगोलला चालले होते. तिथे त्यांची मुलगी अनुजा राहते. तिची दोन्ही मुलं लहान, नवरा सतत फिरतीवर, तेव्हा आजी-आजोबांनी शेजारच्या ब्लॉकमध्ये असावं असं ठरलं. खानोलकरांनी प्रत्येक खोक्यावर नंबर घातला होता आणि कोणत्या नंबरात काय, याची यादी वहीत उतरवली होती. यादीत कुठेच न बसलेली एक वस्तू बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर टेबलावर उरली: एक निळी फाइल, आणि तिच्या दोरीला बांधलेली एक किल्ली. दोन्ही देवस्थळींच्या घरची.

“मी देते मीनलकडे उद्या,” गिरिजाताई म्हणाल्या. मीनल म्हणजे देवस्थळींची बायको.

“नको. मी देईन.”

“अकरा वर्षं समोरचं दार दिसलं नाही, आणि आता लॉरी दारात यायची वेळ झाली तेव्हा दिसलं?”

खानोलकरांनी फाइल आपल्याकडे ओढली. फाइल मीनलताईंच्या हाती गेली की शेवटचा धागाही तुटला, हे त्यांना कळत होतं. शनिवारनंतर चार पावलांच्या जागी दोनदा बदललेली एमआरटी, म्हणजे मेट्रो, आणि वर एलआरटीची छोटी गाडी येणार होती. साठी उलटलेली माणसं भांडण मिटवायला गाड्या बदलत जात नाहीत.

त्या फाइलची गोष्ट अशी. सेम्बावांगच्या शिपयार्डच्या आसऱ्याने राहिलेल्या, बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या मराठी कुटुंबांत एक रीत होती. घरची महत्त्वाची कागदपत्रं आणि एक जादा किल्ली शेजारच्या विश्वासाच्या घरी ठेवायची. घरधनी सहा-सहा महिने समुद्रावर, बायको कधी मुंबईला तर कधी पुण्याला. वेळप्रसंगी कोणीतरी दार उघडायला हवं, कागद काढून द्यायला हवा. ही रीत त्या मजल्यावर आणली खानोलकरांनीच. बोटीवर ते नव्या पोरांना शिकवत, की चालू पंप आणि त्याचं स्पेअर एका कपाटात ठेवू नये. आग लागली तर दोन्ही जातात. त्या न्यायाने देवस्थळींची निळी फाइल खानोलकरांच्या कपाटात आली आणि खानोलकरांची हिरवी फाइल देवस्थळींच्या. भांडण झालं, बोलणं बंद झालं, पण फाइल ना कुणी परत मागितली, ना कुणी परत दिली.

आता या सगळ्यात आयर्लंड कुठून आलं, तेही सांगायला हवं.

१९८७च्या हिवाळ्यात खानोलकरांची बोट बॉक्साइट घेऊन आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नदीच्या मुखाशी गेली होती. तिथे मुख्य इंजिनचा एक भाग निकामी झाला आणि नवा येईपर्यंत सत्तेचाळीस दिवस बोट धक्क्याला बांधून पडली. शिडीपाशी पहाऱ्याला हॅलरन नावाचा एक म्हातारा येई. हा निवृत्त शाळामास्तर. घरी करमत नाही म्हणून पहारा करायचा. तो दिवसाला आठ कप चहा प्यायचा आणि प्रत्येक कपाबरोबर तिथल्या सरदारांची एक गोष्ट सांगायचा. एका रविवारी त्याने खानोलकरांना बसने अस्कीटन नावाच्या गावी नेलं आणि नदीतल्या बेटावरचा डेझ्मंडच्या सरदाराचा पडका किल्ला दाखवला. छप्पर उडालेल्या मोठ्या जेवणघरात उभं राहून, कॉलर वर करून, दोघांनी थर्मासमधला चहा घेतला.

त्या सरदारांच्या काळी आयर्लंडचा धनी म्हणजे इंग्लंडचा राजा, पण तो समुद्रापलीकडे. खरं राज्य तीन मोठ्या घराण्यांचं: किल्डेर, डेझ्मंड आणि ऑर्मंड. किल्डेर राजाच्या नावाने कारभार बघे. राजाला त्याचा संशय आला की कारभार काढून दुसऱ्याला द्यायचा, आणि दुसऱ्याला झेपला नाही की मुकाट्याने परत किल्डेरकडे. शिंदे-होळकरांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. शिवाय ते बोटीवरच्यासारखंच होतं. मालक लंडनच्या ऑफिसात, कॅप्टन वर ब्रिजवर सुकाणूशी, आणि खाली इंजिनरूममध्ये राज्य चीफचं.

पण खानोलकरांच्या मनात कायमच्या बसल्या त्या दोन गोष्टी. पहिली दाराची. पाचशे वर्षांपूर्वी डब्लिनमध्ये किल्डेर आणि ऑर्मंड यांच्या माणसांत जुंपली. ऑर्मंडच्या घराण्याचा म्होरक्या पळून एका मोठ्या चर्चच्या दालनात शिरला आणि त्याने आतून दार लावून घेतलं. किल्डेर बाहेरून म्हणाला, ये, समेट करू. आतला म्हणाला, बाहेर आलो की मान उडवशील. तेव्हा किल्डेरने दाराला भोक पाडायला लावलं आणि त्यातून आपला उघडा हात आत घातला. आतल्याने तलवार चालवली असती तर हात गेला असता. आतल्याने तो हातात घेतला. ते दार अजून तिथे आहे, असं हॅलरन सांगायचा.

दुसरी गोष्ट मुलांची. हे सरदार आपली मुलं आपल्या घरी वाढवत नसत. पोर सात वर्षांचं झालं, की ते दुसऱ्या घराण्यात वाढायला पाठवायचे, कधीकधी तर ज्याच्याशी उद्या लढाई होईल त्याच्याचकडे. वाढवणाऱ्या घराशी जुळलेलं नातं रक्ताच्या नात्याहून घट्ट मानलं जाई, आणि म्हातारपणी त्या मुलाने त्या आईबापांनाही सांभाळावं असा दंडक होता. गिरिजाताईंनी हे ऐकलं तेव्हा त्या म्हणाल्या, “त्यात काय नवल? कृष्ण कुठे वाढला?”

२००१ साली मीनलताईंची आई पुण्याला अंथरुणाला खिळली. निशिकांत बोटीवर, आणि मुलगी मैत्रेयी आठ वर्षांची, शाळेत. खानोलकर तेव्हा नुकतेच समुद्र सोडून शिपयार्डात नोकरीला लागले होते. मैत्रेयी चौदा महिने त्यांच्या घरी राहिली. पहिला आठवडा तिने दाराबाहेरच्या लोखंडी गेटचे गज धरून समोरच्या आपल्या बंद दाराकडे बघण्यात काढला. जेवायला बोलावलं तरी हलायची नाही. आठव्या दिवशी खानोलकर बाहेर कॉरिडॉरमध्ये गेले, गेट ओढून घेतलं आणि गजांमधून हात आत घालून म्हणाले, “मी किल्डेर. तू ऑर्मंड. समेट करतेस का?”

मग त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. पोरीने ती नीट ऐकून घेतली, आत जाऊन लाकडी फुटपट्टी आणली आणि त्यांच्या हातावर सणसणीत हाणली. “कॅन नॉट लाह, काका,” ती तिथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. “ऑर्मंड इतक्या लवकर विश्वास ठेवणार नाही.” त्या दिवशी ती दोन पोळ्या जेवली.

त्यानंतर रोज शाळेतून आलं की हा खेळ. फुटपट्टी कधी बसे, कधी नाही. निशिकांत सुट्टीवर आले तेव्हा त्यांनाही त्यात ओढलं गेलं आणि तिच्या मराठीच्या वहीत घराण्यांच्या वंशावळी दिसू लागल्या. त्याच सुट्टीत सगळे पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेले होते. एका उतारावर खानोलकरांचा ब्रेक लागला नाही, ते रबराच्या झाडांत गेले आणि घोट्यातून पाय मुरगळून बसले. बंबोटीच्या, म्हणजे ने-आण करणाऱ्या छोट्या होडीच्या, धक्क्यापर्यंत निशिकांतनी त्यांना पाठीवर घेतलं. वाटेत मैत्रेयी सायकल ढकलत बाजूने चालत होती. तिला हॅलरनची आणखी एक गोष्ट आठवली: डेझ्मंडचा सरदार लढाईत जखमी झाला, शत्रूची, म्हणजे ऑर्मंडच्या बटलर घराण्याची माणसं त्याला खांद्यावरून नेत होती, तेव्हा कुणीतरी टोमणा मारला होता. तिने तोच मारला. “आता कुठे आहे थोर सरदार डेझ्मंड?”

“जिथे असायला हवा तिथेच,” खानोलकर वरून म्हणाले. “बटलरांच्या मानेवर.”

निशिकांत इतके हसले, की त्यांनी डेझ्मंडच्या सरदाराला तिथेच गवतात खाली सोडलं. त्या दिवसाचा फोटो दोन्ही घरांत होता. देवस्थळींकडचा अजून भिंतीवर आहे की काढला, हे खानोलकरांना ठाऊक नव्हतं. गेटबाहेरून ती भिंत दिसत नसे.

पुढे मैत्रेयी मोठी झाली. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे तिने अकाउंट्सचा डिप्लोमा केला आणि विसाव्या वर्षी आयर्लंडच्या एका विद्यापीठात इतिहास शिकायला स्वतःच प्रवेश मिळवला, शिष्यवृत्तीसकट. त्या आठवड्यात निशिकांत चीनमध्ये बोटीच्या दुरुस्तीवर होते आणि मीनलताई पुण्याला भाचीच्या लग्नात. व्हिसाचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा होता. मैत्रेयी खानोलकरांकडे आली. “काका, माझा पासपोर्ट हवाय.” खानोलकरांनी कपाट उघडलं, निळी फाइल काढली आणि तिच्या हातात ठेवली.

निशिकांतना फोन करावा, हे त्यांना सुचलंच नाही. बापाला डावलावं असा विचार त्यांच्या मनात आला नव्हता. ही मुलगी दुसऱ्या कुणाची आहे, एवढंच त्या क्षणी त्यांच्या लक्षात राहिलं नाही. मैत्रेयीने बापाला फोनवर विचारलं होतं आणि बापाने “मी आलो की बोलू” म्हटलं होतं, ही गोष्ट त्यांना नंतर कळली.

निशिकांत परत आले तेव्हा व्हिसा झालेला होता. ते बूटही न काढता समोरच्या दारात येऊन उभे राहिले. “वर्षभर सांभाळलीस म्हणून ती तुझी झाली नाही, चीफ.”

“मग सांभाळायला कशाला दिली होतीस?” खानोलकर म्हणाले.

आधीच्या वाक्यावर कदाचित तोडगा निघाला असता. या वाक्यावर निघाला नाही. दोन दारं लागली.

बायकांनी नवऱ्यांच्या भांडणाचा मान ठेवला, पण ते स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही. स्टीलचे डबे येत-जात राहिले. मैत्रेयी शिकली, किल्केनी नावाच्या गावात जुन्या दस्तऐवजांच्या कचेरीत लागली. गाव नेमकं ऑर्मंडच्या सरदारांचं. दर रविवारी ती आधी वडिलांना फोन करते, मग काकांना. समोरच्या घरातलं हसणं थांबलं, की खानोलकर चष्मा पुसून फोनजवळ जाऊन बसत. अकरा वर्षं हा क्रम चुकला नाही.

गुरुवारी सकाळी दहाला गिरिजाताई पिशवी घेऊन मीनलताईंबरोबर बाजारात गेल्या. दोघींनी मिळून ही वेळ ठरवली असावी, असा संशय खानोलकरांना आला. त्यांनी मनात तीन वाक्यं तयार केली होती. फाइल काखेत घेऊन त्यांनी चार पावलं टाकली.

देवस्थळींचं लाकडी दार वाऱ्यासाठी उघडं होतं, बाहेरचं लोखंडी गेट बंद. निशिकांत पंख्याखाली खुर्चीत पेपर वाचत होते. केस पार पांढरे झाले होते. लिफ्टमध्ये हे एवढं दिसलं नव्हतं.

“निशी.”

पान उलटल्याचा आवाज आला.

“फाइल आणली आहे.”

“मीनल बाजारात गेली आहे. खाली ठेव.”

अकरा वर्षांनी आलेले सहा शब्द. खानोलकरांनी फाइल पायपुसण्यावर ठेवली, वर किल्ली ठेवली. तयार केलेली तीन वाक्यं काही केल्या आठवेनात. मग त्यांनी उजव्या हाताच्या बाहीचं बटण काढलं, इंजिनात हात घालण्याआधी दुमडायचे तशी बाही दुमडली, आणि गजांमधून हात आत घातला. मनगट गेलं. कोपर जरा अडलं, पण जोर लावल्यावर तेही गेलं.

निशिकांतनी चष्म्यावरून पाहिलं.

“काय चाललंय हे?”

“तुला माहीत आहे.”

“समोरच्या ब्लॉकमधून लोक बघतील.”

“बघू देत. फुटपट्टी असली तर आण.”

निशिकांत जागचे हलले नाहीत. खानोलकर गजांना गाल टेकवून उभे होते. त्यामुळे आता त्यांना ती आतली भिंत दिसली. उबीनचा फोटो होता तिथेच होता.

“मी तुला फोन करायला हवा होता,” ते म्हणाले. “करता आला असता, आणि मला सुचलं नाही. आणि सांभाळायला कशाला दिलीस म्हणालो, ते माझ्या तोंडून यायला नको होतं. ते वर्ष तू आम्हाला दिलं होतंस.”

निशिकांतनी पेपरची घडी केली. मग आणखी एक घडी केली. “फाइल दिलीस त्याचा राग नव्हता, रघुवीर. तुझ्याकडे मागताना पोरीला भीती वाटली नाही आणि अर्ज करतेय हे मला सांगताना वाटली. माझ्याच पोरीला.” ते उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

खानोलकर थांबले. मिनिट झालं, दोन झाली. खांदा भरून आला. किल्डेरला आतल्याने किती वेळ ताटकळत ठेवलं होतं, हे हॅलरनने सांगितलं नव्हतं. अखेर त्यांनी हात मागे घ्यायचं ठरवलं, आणि तो येईना. संधिवाताने सुजलेलं कोपर आत गेलं होतं, ते बाहेर निघायला तयार नव्हतं.

निशिकांत गेटची किल्ली घेऊन खोलीतून बाहेर आले तेव्हा चीफ इंजिनीअर एका पायावर जोर देऊन गेटशी झटत होते.

“थांब, ओढू नकोस,” निशिकांत म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बोटीवरचा झाला. “सूज वाढेल. बाहेरून पण कोणीतरी धरायला हवं.”

त्यांनी न्हाणीघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली. कुलूप उघडलं. गेट बाहेर उघडणारं, त्यामुळे त्याच्याबरोबर खानोलकरही मागे मागे सरकत कॉरिडॉरमध्ये अर्धवर्तुळ फिरले. निशिकांत उंबरा ओलांडून बाहेर आले आणि दोन्ही हातांनी त्या कोपरावर तेल चोळू लागले.

“जन्मभर मापं घेत आलास,” ते म्हणाले, “आणि गजांतलं अंतर मोजलं नाहीस.”

“पूर्वी जात होता.”

“पूर्वी आपण पंचेचाळिशीचे होतो. अंगठा आत घे. आता डावीकडे फिरव. माझ्याकडे नाही, तुझ्या डावीकडे.”

कोपर निसटलं तेव्हा खानोलकर मागे कलंडले. निशिकांतनी त्यांचा पंजा सोडला नव्हता, म्हणून ते पडले नाहीत. दोघांचे हात तेलाने माखलेले, त्यात सोडायचं कुणी आधी, हे कुणालाच कळेना.

एवढ्यात लिफ्ट उघडली. पिशव्या घेतलेल्या दोघी बायकांनी उघडं गेट पाहिलं, तेलाची बाटली पाहिली, नवऱ्यांचे हात पाहिले. मीनलताई चहा टाकायला आत गेल्या. गिरिजाताई म्हणाल्या, “भेंडी पाव किलोच आणली आहे. आधी सांगायचं तरी.”

चहा झाल्यावर निशिकांतनी पायपुसण्यावरची निळी फाइल उचलली, झटकली आणि खानोलकरांच्या हाती परत दिली. “चालू पंप आणि स्पेअर एका कपाटात ठेवायचं नसतं. तूच सांगत होतास.”

“पुंगोल लांब आहे, निशी.”

“किल्केनी लांब आहे. पुंगोलला मी बसनेसुद्धा येईन. तुझी हिरवी माझ्याकडे आहे, ती मी देत नाही.”

शनिवारी चौतीस खोकी लॉरीतून गेली. निळी फाइल खानोलकरांनी टॅक्सीत मांडीवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी निशिकांत पडद्याचे दांडे बसवायला म्हणून ड्रिल मशीन घेऊन पुंगोलला आले. दुपारी मैत्रेयीने नेहमीप्रमाणे आधी वडिलांना फोन केला. त्यांच्याशी बोलून झालं, मग दुसऱ्या फोनवरून काकांना लावला. वडिलांनी अजून फोन ठेवला नव्हता. काकांची घंटा तिला वडिलांच्या फोनमधून ऐकू आली.

मग तिने विचारलं, “हात कोणी घातला?”

“घातला त्याने,” निशिकांत म्हणाले. “काढला मी.”